अर्धा रोल

ताई, तुझ्या तेरवीला अकोल्यात जो तो तुझे गोडवे गात होता. तुझे दीर म्हणाले, वहिनीसारखी निर्मळ बाई पुन्हा होणे नाही. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, कधी खोटं बोलली नाही हो. मी भाजीचं पातेलं धरून पंगतीत वाढत होते, तिथेच मला हसू फुटलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं, रडतेय. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. ज्यानं ही रीत घातली त्याला तुझ्यासारखी सख्खी बहीण नसणार. मी ठेवणार. जन्मभर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आता तुला मधे तोंड घालता येणार नाही, तर ऐक.

तू खोटारडी होतीस. माझ्याशी खोटं बोललीस ते एक वेळ चालवून घेतलं असतं, बहिणी बोलतात. पण तू माझ्या सोळा वर्षांच्या पोरीला त्या खोट्यात ओढलंस आणि सगळं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून चालती झालीस. तू गेल्यापासून सानू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. पुस्तक हातात धरेना. ताट वाढून दिलं तर चार घास चिवडायची, आणि गोडाचं काही दिसलं की ताट सरकवून उठायची. याचं कारण तू आहेस, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायला तू जागेवर नाहीस, याचा मला फार संताप येतो.

तुझे यजमान, आमचे भाऊजी, गेल्यावर तू दर शनिवारी अमरावतीला यायला लागलीस. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो, आणि दारातून आत यायच्या आधीच ‘सानू, पोट्टे, पानी आन वं’ अशी आरोळी. खांद्याला झोळी, झोळीत कादंबऱ्या. पाटबंधारे खात्यात फायली सरकवण्यात जन्म गेलेली, केस पिकलेली बाई, आणि वाचते काय, तर तेरा-चौदा वर्षांच्या पोरापोरींच्या गोष्टी! कुणाचा बाप परागंदा झालाय, कुणाला शाळेत एकटं पाडलंय, कुणाचा मित्र दुसरीच पळवून नेतेय. बहुतेक इंग्रजी. सानूचं इंग्रजी तुझ्यापेक्षा कितीतरी बरं, तरी ती म्हणायची, ‘मोठी आई, तूच वाच.’ कारण तू वाचता वाचता त्याचं वऱ्हाडी करायचीस. बर्फात बुडालेल्या कुठल्याशा गावातली लीना नावाची पोरगी दार उघडून आत यायची आणि तिची आजी म्हणायची, ‘काहून वं, कुठी उंडारत होती? बाहेर एवढं हिव पडून राहिलं, डोक्याले बांधलं नाई काही?’ मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे शनिवारी आतल्या खोलीत पेपर तपासत बसलेली असायचे. तिथे मी हसायचे, पण तुला ऐकू जाणार नाही असं. कळलं असतं तर डोक्यावर मिरी वाटली असतीस.

मोठी आई. आपल्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात, त्यात सानूचं काही चुकलं नाही. पण मी नुसती मम्मी, आणि तू मोठी आई. मी सकाळी डबा करणार, क्लासच्या वेळा सांभाळणार, फिजिक्सचे मार्क पाहून कपाळाला हात लावणार. तू आठवड्यातून एकदा येणार, ओट्यावर मैदा उधळणार, आणि पोरगी तुझ्या गळ्यात पडणार. घरात एकानं नाही म्हणावं लागतं. ते काम तू मला न विचारता देऊन टाकलंस आणि स्वतः हो म्हणायला मोकळी झालीस.

तुमचा दोघींचा नियम होता, वाचलं ते शिजवायचं. कादंबरीतल्या माणसांनी एखाद्या प्रकरणात काही खाल्लं असेल तर ते आपल्या ओट्यावर झाल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही. मग काय, कुणी तिकडे मटारचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ खाल्ला की इकडे तुरीच्या सोल्यांचा. कुणी पालेभाजीचं सँडविच खाल्लं की इकडे अंबाडीचं. ज्वारीच्या पिठाचा तो केक आठवतो? त्याचा तुकडा सानूच्या पप्पांनी, आमच्या यांनी, चहात बुडवला तर बाहेर काढायला चमचा लागला. ‘काहो, चवीले कसा हाये?’ तू विचारलंस. ‘भिंतीले लावा ताई, भेगा बुजतीन,’ हे म्हणाले, आणि तुम्ही दोघी ओट्याला धरून इतक्या हसलात की सानूला ठसका लागला. घासून घासून तो केकचा टिन मीच साफ केला.

आणि मागच्या मे महिन्यातला तो पराक्रम! सानू सुटीत तुझ्याकडे अकोल्याला गेलेली. लीना आता बेकरीत कामाला लागली होती आणि तिथे दालचिनीचे रोल होत होते, म्हणजे तुम्हाला करणं भागच. पुस्तकाच्या शेवटी कृती दिलेली. यीस्ट घालून पीठ मळा आणि तासभर उबदार जागी फुगायला ठेवा. उबदार जागी! अकोल्यात, मे महिन्यात! लिहिणारी बाई बर्फाच्या देशातली, तिला काय ठाऊक. पण तुला तर ठाऊक होतं ना? सगळं अकोला भट्टी झालेलं, आणि तू ते पातेलं आणखी ऊब मिळावी म्हणून गच्चीवर, कुरडया वाळत होत्या तिथे नेऊन ठेवलंस आणि खाली कूलरपुढे लीनाची गोष्ट वाचत बसलीस. वर गेलात तेव्हा पीठ झाकण ढकलून, पातेल्याबाहेर येऊन, शेजारणीच्या कुरडयांवर पसरलेलं. ‘मम्मी, पीठ चालून राहिलं होतं!’ सानूनं मला फोनवर सांगितलं. मागून तुझा आवाज, ‘सांगू नको वं तिले, ते मले वरडते!’ मी ओरडलेच. फोन ठेवून मात्र एकटीच पोट धरून हसत बसले. माझ्या लेकीला इतकं मोकळं हसताना मी त्या वर्षी दुसऱ्या कुणासोबत ऐकलं नाही. हे तुझं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्यानं तुझा गुन्हा माफ होत नाही.

गुन्हा म्हणजे तुझी शुगर. किती वर्षांची होती ती! भाऊजींच्या फोटोसमोर तू माझा हात धरून शपथ घेतली होतीस की गोडाला शिवणार नाही. मी विश्वास ठेवला. तू रोल करायचीस, मी समोर उभी राहायचे, तू हात वर करून दाखवायचीस, ‘पाह्य बाई, काईच नाई घेतलं.’ आणि मी पाठ फिरवली की सानूकडे हात पसरायचीस. सानू पहिल्यांदा नाही म्हणाली. मग तू तिला सांगितलंस की अकोल्याच्या डॉक्टरांनी अर्ध्याची परवानगी दिली आहे, फक्त मम्मीला कळू देऊ नको, तिला उगाच काळजी लागते. कुठल्या डॉक्टरांनी, ताई? पोरीनं खरं मानलं. ती तुला अर्धाच द्यायची. सुरीनं नीट मधोमध कापून, एक अर्धा तुला, एक तिला. कितीही गयावया केलीस तरी उरलेला अर्धा द्यायची नाही. हे मला तू गेल्यावर सानूकडून कळलं, तेरवीच्या आधीच.

आपलं शेवटचं भांडण संक्रांतीच्या आसपास झालं. मी म्हटलं, शोभतं का हे, छप्पन वर्षांची बाई पोट्ट्यांच्या कादंबऱ्या वाचते आणि केक भाजते, सानूची अकरावी आहे, तिला जरा अभ्यास करू दे. तू पातेलं आपटलंस. ‘माह्या पंधराव्या वर्षी माह्या हाती कोनं पुस्तक देल्लं वं? आई आजारी पडली, पोळपाट देल्ला. तू पुस्तकं घेऊन बसत होती, अन् मी तुह्यासाठी पोळ्या लाटत होती. आता मी माह्यं पंधरावं वर्ष वाचून राहिली, तं तुह्या पोटात काहून दुखते?’ दर भांडणात तू हे काढायचीस. आणि ते खरं होतं. तुझ्या पोळ्या खाऊनच मी शिकले. पण हक्काचं हत्यार म्हणून तू ते किती वेळा उगारावंस? त्या दिवशी तू झोळी उचललीस, आणि ते भांडण तसंच उघडं राहिलं. माझं उत्तर तयार होतं, ताई. मला म्हणायचं होतं, वाच ना बाई, हवं तेवढं वाच, नुसतं जिवंत राहून वाच.

फेब्रुवारीत सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या शुगरनं आतून सगळं पोखरलेलं होतं. हे वाक्य सानू माझ्या मागे उभी राहून ऐकत होती, हे मला दिसलं नाही.

मग तेरवी. जेवणं उरकली, आणि रीतीप्रमाणे घरच्या माणसांचं तोंड गोड करून दुखवटा संपवायची वेळ आली. तुझी थोरली जाऊ शिऱ्याची वाटी घेऊन एकेकाला घास भरवत आली. दिरांनी खाल्ला, मी खाल्ला. सानूसमोर ती थांबली आणि सानूनं ओठ घट्ट मिटले. ‘खाय बाई, मोठ्या आईच्या आत्म्याले शांती भेटते,’ जाऊबाई म्हणाल्या. सानू मान हलवत राहिली. सगळे बघायला लागले. कुणीतरी म्हटलं, अवं खाय ना पोरी, रीत हाये. तेव्हा ती सगळ्या भावकीसमोर ओरडली, ‘मीच तिले गोड खाऊ घातलं! मीच! अन् आता तुमी मले गोड चारून राहिले?’

जाऊबाईंच्या हातातला चमचा तसाच. मी पोरीला पोटाशी धरलं, तर ती माझ्या हातातून निसटून बाहेर गेली आणि आम्हाला स्टेशनवर न्यायला थांबलेल्या ऑटोत जाऊन बसली. तुझ्या फोटोत तू मात्र हसत होतीस. तो फोटो उचलून उलटा ठेवावासा वाटला मला.

त्यानंतर मी काय काय केलं ते तुला सांगते, कारण तुला ते निस्तरावं लागलं नाही. मी तिला विज्ञान समजावलं. अर्ध्या रोलनं माणूस मरत नाही, हे फळ्यावर काढून दाखवावं तसं दाखवलं. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं, त्यांनी तेच सांगितलं. सानू सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘तुमी मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिले.’ शेवटचं पुस्तक, लीनाचंच, तिनं कपाटावर वर फेकून दिलं. त्यातली शेवटची थोडी प्रकरणं उरली होती. लीनाचा परागंदा बाप घरी परत आला होता, आणि ती त्याला माफ करते की नाही यावर आपली तिघींची पैज लागलेली. मी म्हणायचे, करू नये. तू म्हणायचीस, करते म्हंजे करते, मले माहीत हाये. कारण तू नेहमी शेवटचं पान आधी वाचून ठेवायचीस.

मार्चमध्ये तुझं घर आवरायला आम्ही दोघी अकोल्याला गेलो. ती यायला तयार नव्हती, मी ओढून नेली. तुझ्या स्वयंपाकघरात ती भिंतीला टेकून उभी राहिली, मी डबे रिकामे करत होते. तेवढ्यात दारात तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान असलेले काका आले. तेरवीला गावी होते, म्हणून आता भेटायला आलेले. बसले, पाणी घेतलं, आणि डोळे पुसत म्हणाले, ‘तुमच्या ताईंच्या जाण्यानं दुकान सुनं झालं. रोज संध्याकाळी यायच्या. उभ्या उभ्या दोन गुलाबजाम, वरून पाक. इतवारी रबडी. किती साल झाले, एक दिवस चुकला नाई.’

मी म्हटलं, ‘रोज?’

‘रोज म्हंजे रोज. सनिवारी तेवढ्या नाई यायच्या. म्या पुसलं, सनिवारी उपास असते का? तं म्हने, नाई हो, सनिवारी भाचीच्या घरी जातो. ते पोट्टी लय कडक हाये, अर्ध्याच्या वर देत नाई.’

ताई, तुझी इतकी वाईट बातमी ऐकून मला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता. मी सानूकडे बघितलं. ती भिंतीपासून सुटून पुढे आली होती. काका बिचारे गोंधळले, त्यांना वाटलं आपण काही चुकीचं बोललो. सानूनं त्यांना पुन्हा विचारलं, ‘काका, रोज दोन?’ ते म्हणाले, ‘कधी तीन बी.’ मग ती मोठ्यानं म्हणाली, ‘खोटारडी!’ आणि तुझ्या ओट्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली, ती काका निघून गेले तरी थांबली नाही. तेरवीपासून साचलेलं सगळं तिथे सांडलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात तुला शिव्या घालत होते, दोन्ही एकदमच.

परतीच्या गाडीत ती बोलायला लागली. ‘मम्मी, मले वाटे मी तिचे लाड करून राहिली. मी एकटीच तिले आवरून राहिली होती ना?’ मी म्हटलं, हो. ‘अन् तिनं मलेही फसवलं?’ मी म्हटलं, हो, मलाही, भाऊजींच्या फोटोलाही. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि आम्ही दोघी तुला नावं ठेवत होतो. बडनेऱ्याला उतरल्यावर ती म्हणाली, मला भूक लागली आहे. स्टेशनबाहेर तिनं गरम आलूबोंडे खाल्ले, मी फक्त बघत उभी राहिले.

अक्षय तृतीयेला, आपल्या अखजीच्या दिवशी, सकाळी ती कपाटावरून पुस्तक काढून स्वयंपाकघरात आली. नियम नियम आहे म्हणाली. ज्या प्रकरणावर थांबलो होतो त्यात लीना बाप आला त्या दिवशी रोल करते, म्हणजे आधी रोल, मग पुढचं. तिनं पीठ मळलं. अमरावतीही आता तापलेली, पीठ झरझर वर यायला लागलं, पण या वेळी ती पातेल्यापाशी स्टूल टाकून बसून राहिली. रोल भाजायला गेले तेव्हा तिनं मला उरलेली प्रकरणं वाचून दाखवली. वऱ्हाडीतून. तुझ्याइतकं जमत नाही तिला अजून, लीनाच्या आजीचा ठसका येत नाही. मी पेपर बाजूला ठेवून समोर बसले आणि मोठ्यानं हसले.

आणि लीना बापाला माफ करत नाही, ताई. शेवटच्या पानावर ती त्याला ताट वाढते, शेजारी बसते, पण माफ केलं म्हणत नाही. म्हणजे तू तिथेही खोटंच बोलली होतीस. सानू पुस्तक मिटून म्हणाली, ‘मम्मी, तू जिंकली.’ जिंकले, पण ज्या बाईला हे तोंडावर सांगायचं ती कुठे आहे? त्या क्षणी मला तुझी इतकी आठवण आली की उठून गॅसकडे जावं लागलं.

दुपारी आम्ही गेलेल्यांच्या नावानं घास काढले. सासूबाईंचा, सासऱ्यांचा. तुझा काढायचा मान तुझ्या दिरांचा, तू त्या घरची. तरी राहवलं नाही. मी सानूला विचारलं, ‘मोठ्या आईचा काढायचा का?’

तिनं ताटलीतला एक रोल उचलला. सुरी घेतली, नीट मधोमध कापला.

‘नाई,’ ती म्हणाली. ‘तिले शुगर हाये.’

एक अर्धा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला, आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.